गुन्ह्याची कबुली आणि अपिलाची वाट

बोर्डी-घोलवडच्या किनाऱ्यावर ताडी आणि तलासरीच्या बाजूला मोह, हा या मुलखाचा जुना शिरस्ता. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने त्याला परवान्याचे कुंपण घातले. १८९२मध्ये तर ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा वेगळा कायदा झाला. फुले बाळगण्यावरच बंधन आले आणि वारली आदिवासीच्या घरातली टोपली मुद्देमाल ठरू लागली. माल समोर असताना नाकारायचे तरी काय? दंड भरून मोकळे व्हावे, हाच सोपा मार्ग.

या सोप्या मार्गाचा परिणाम मात्र कायमचा असे. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४१२नुसार पहिल्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटपुढे गुन्हा कबूल केला, की अपील फक्त शिक्षेचे प्रमाण आणि तिची वैधता एवढ्यापुरते उरे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटांना हा अडसर लागू नव्हता. १९७३च्या संहितेने कलम ३७५मध्ये दुसरा वर्गही आत ओढला. गरिबाची वाट सुधारणेच्या नावाखाली अरुंद झाली, असे म्हणावे लागते.

उरला पुनरीक्षण अर्ज. त्याला मुदत नव्वद दिवसांची, आणि त्यात दोषसिद्धीचीही तपासणी होऊ शकते. इथे १८९८च्या संहितेतल्या कलम २४३ची एक ओळ कामी आली: कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत नोंदवावी. आरोपी वारलीत बोलला आणि कागदावर ‘गुन्हा कबूल’ एवढेच उमटले, तर हरकतीला जागा उरते. मद्रासच्या दारूबंदी कायद्याखालच्या महंत कौशल्य दास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही अट बंधनकारक मानली आणि ती न पाळल्याने दोषसिद्धी रद्द केली.

सौदा करून घेतलेली कबुलीही टिकली नाही. १९८०मध्ये गुजरातेतल्या कासमभाई शेख यांच्या भेसळीच्या खटल्यात तशी शिक्षा रद्द होऊन प्रकरण पुन्हा चौकशीला गेले. पुढे ५ जुलै २००६पासून अशा तडजोडीला कायद्याने मान्यता मिळाली. तडजोडीने दिलेल्या निकालावर अपील नाही, फक्त घटनात्मक अर्ज करता येतो.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही कलम ४१६मध्ये कबुलीनंतरच्या अपिलाचा जुनाच नियम ठेवला. दोषसिद्धी टळत नसेल, तर १९५८च्या परिवीक्षा कायद्याचा आधार घेता येतो: न्यायालयाने चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले, तर कलम १२नुसार दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही.