बॉक्सचा पर्याय : नाम, रूप आणि भूमी

१

मराठी भाषक दिवसातून अनेकदा ‘बॉक्स’ हा शब्द उच्चारतो. परंतु तो शब्द एका झुडपाशी निगडित आहे, ह्याची जाणीव त्याला क्वचितच असते. ग्रीक ‘पुक्सॉस’ आणि लॅटिन ‘बुक्सुस’ ही मंद गतीने वाढणाऱ्या, बारीक पानांच्या व अत्यंत घट्ट पोताचे लाकूड देणाऱ्या एका सदाहरित झुडपाची नावे होत. त्या लाकडाची कोरलेली डबी ती ‘पुक्सिस’. ह्याच शब्दकुलातून फ्रेंचमधील ‘ब्वात’, जर्मनमधील ‘ब्युक्से’ आणि इंग्रजीतील ‘बॉक्स’ हे पेटीवाचक शब्द निघाले. इंग्रजीत झुडपाचे आणि पेटीचे नाव एकच राहिले. फारसीत ह्याच वर्गातील झाडास ‘शमशाद’ म्हणतात. तेथील काव्यपरंपरेत प्रिय व्यक्तीच्या सुडौल बांध्यास त्याची उपमा देण्यात येते आणि उर्दूत ते व्यक्तिनाम म्हणूनही रूढ आहे.

इतक्या भाषांत मुळे रोवून बसलेल्या ह्या वनस्पतीस युरोपीय उद्यानांतून पाय काढावा लागेल, अशी कल्पना विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत फारशी कोणी केली नसेल. आज मात्र तिच्या जागी कोणते आटोपशीर सदाहरित झुडूप लावावे, हा तेथील उद्यानशास्त्रापुढील एक निकडीचा प्रश्न होऊन बसला आहे. तो वरवर पाहता माळ्याचा दिसतो. वस्तुतः परंपरा म्हणजे वस्तू की आकृती, आणि सादृश्यावरून दिलेल्या नावावर कितपत विसंबावे, असे दोन व्यापक प्रश्न त्यात दडलेले आहेत.

२

बॉक्सची उद्यानातील कारकीर्द रोमन काळापासून ज्ञात आहे. धाकट्या प्लिनीने आपल्या तस्कनीमधील वाड्याचे वर्णन एका पत्रात केले आहे. तेथे बॉक्सची झुडपे कातरून प्राण्यांच्या आकृती बनविल्या होत्या. इतकेच नव्हे, तर धन्याचे आणि खुद्द माळ्याचे नावही त्या झुडपांच्या अक्षरांत लिहिलेले होते. वनस्पतीचे लेखनसाधन झाल्याचे हे उदाहरण मोठे बोलके आहे. शाई टिकाऊ आणि एकसारखी हवी, तसेच अशा लेखनास लागणारे झुडूप बारीक पानांचे, दाट, बारमाही हिरवे आणि कात्रीचा घाव सोसणारे हवे. बॉक्स ह्या सर्व कसोट्यांस उतरत होता.

असे असले तरी वाफ्यांच्या कडेला बॉक्सचे राज्य अव्याहत होते, असे समजणे चूक ठरेल. सोळाव्या शतकात फ्रान्स व इंग्लंड येथील नक्षीदार वाफ्यांच्या कडा हिसप, लॅव्हेंडर, जर्मँडर अशा सुगंधी झुडपांच्या असत. ही झुडपे कडक उन्हाने व थंडीने खंगत आणि वरचेवर नवी लावावी लागत. फ्रेंच राजांच्या सेवेत असलेला उद्यानकार क्लोद मोले ह्याने ह्याच अडचणीपायी बॉक्सचा अवलंब केला. त्यापूर्वी प्रतिष्ठित लोक बॉक्स आपल्या बागेत लावावयास फारसे राजी नसत, हेही त्याच्याच ग्रंथावरून कळते. तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर इ. स. १६५२ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्लंडमध्ये जॉन पार्किन्सन ह्याने इ. स. १६२९ च्या आपल्या ग्रंथात वाफ्यांच्या कडांसाठी शिशाच्या पट्ट्या, फळ्या, मेंढ्यांच्या नळ्यांची हाडे इत्यादी साधनांचा विचार करून अखेर खुजा ‘फ्रेंच’ किंवा ‘डच’ बॉक्स पसंत केला.

तात्पर्य, ज्याला आज ‘मूळ’ मानून पर्याय शोधला जातो, तो बॉक्सच सतराव्या शतकात एक पर्याय म्हणून पुढे आला होता. त्याला विरोधही झाला. विल्यम राजाच्या मृत्यूनंतर इ. स. १७०२ मध्ये ॲन इंग्लंडची राणी झाली. हॅम्प्टन कोर्ट येथील वेलबुट्टीच्या कडा बॉक्सच्या होत्या. राणीस त्याचा वास सहन होत नसल्याने त्या उपटण्यात आल्या आणि पुढे पुन्हा लावण्यात आल्या, अशी नोंद डॅनियल डीफोच्या प्रवासवर्णनात आढळते.

३

बॉक्सवरील अलीकडचे संकट मात्र कोणाच्या रुचि-अरुचीतून उद्भवलेले नाही. इ. स. १९९४ च्या सुमारास इंग्लंडमधील एका रोपवाटिकेत बॉक्सची पाने काळे डाग पडून झपाट्याने गळू लागल्याचे आढळले. त्यास कारणीभूत असलेल्या बुरशीचे शास्त्रीय वर्णन इ. स. २००२ मध्ये झाले. ओलसर हवेत ही बुरशी बळावते. पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर आणि माळ्याच्या कात्रीबरोबर ती पसरते. गळलेल्या पानांत ती वर्षानुवर्षे जिवंत राहते. ह्यातील विपर्यास लक्षात घेण्याजोगा आहे. दाटपणा व नित्य कातरणी ह्या ज्या गुणांसाठी बॉक्सची निवड झाली, त्यांच्यामुळेच झुडपाच्या पोटात ओल साचून राहिली आणि रोगाला वाट मिळाली. त्यातही कडांसाठी लावला जाणारा खुजा प्रकार छाट कलमांनीच वाढविलेला असल्याने मैलोगणती कडा म्हणजे जणू एकाच झाडाचा विस्तार होता. एकास जे बाधले, ते सर्वांस बाधले.

पाठोपाठ पूर्व आशियातील एका पतंगाच्या अळीने, इ. स. २००७ च्या सुमारास जर्मनीत नोंद झाल्यापासून, युरोपभर बॉक्सची पाने फस्त करण्यास आरंभ केला. हानी केवळ उद्यानांचीच झाली नाही. इ. स. २०१४ च्या हिवाळी ऑलिंपिक सामन्यांसाठी सोची नगर सजविताना इटलीहून बॉक्सची रोपे आणण्यात आली. त्यांच्याबरोबर हा पतंग इ. स. २०१२ मध्ये काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर पोहोचला आणि काही वर्षांतच कॉकेशसमधील नैसर्गिक बॉक्सची प्राचीन वने उजाड झाली. शोभेसाठी आणलेल्या रोपाने त्याच वर्गातील वन्य वृक्षाचा घात केला.

४

ह्या परिस्थितीत सर्वाधिक पुढे आलेला पर्याय म्हणजे आयलेक्स क्रेनाटा हे झुडूप होय. लिनिअसचा शिष्य कार्ल पेटर थुनबर्ग हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य म्हणून इ. स. १७७५–७६ मध्ये जपानात होता, त्याने इ. स. १७८४ मध्ये ह्या वनस्पतीस हे नाव दिले. ‘क्रेनाटा’ म्हणजे बारीक दातेरी कडांची. जपानी भाषेत मात्र तिचे नाव ‘इनुत्सुगे’ असे आहे. ‘त्सुगे’ म्हणजे जपानी बॉक्स, ज्याच्या लाकडाच्या फण्या व बुद्धिबळसदृश शोगी खेळाच्या सोंगट्या नावाजलेल्या आहेत. आणि ‘इनु’ म्हणजे कुत्रा. ‘कुत्र्याचा बॉक्स’ असा त्याचा शब्दार्थ होतो.

जपानी वनस्पतिनामांत ‘इनु’ हे पूर्वपद ‘खरे नव्हे, हलके’ अशा अर्थाने येते. ‘ताडे’ ही तिखट चवीची वनस्पती खाद्यात वापरतात; ‘इनुताडे’ तशीच दिसते, पण तिला तिखटपणा नाही. अशी योजना इतर भाषांतही आहे. इंग्रजीत कमी प्रतीच्या जातींना कुत्र्याचे वा घोड्याचे नाव जोडतात. संस्कृतात उदुंबराच्या जोडीला ‘काकोदुंबर’ येतो. मराठीत मेंदीप्रमाणेच कुंपणासाठी लावल्या जाणाऱ्या वनजाईस ‘कडू मेंदी’ म्हणतात, ते ह्याच जातीचे नाव होय. अशा नावांत सादृश्याची कबुली आणि भेदाची सूचना ह्या दोन्ही गोष्टी एकत्र असतात. जपानी माळी हे झुडूप पिढ्यान्‌पिढ्या गोलाकार कातरीत आला आहे. परंतु त्याला खऱ्या त्सुगेचे लाकूड मिळणार नाही, हे त्याच्या भाषेनेच त्याला सांगून ठेवले होते.

युरोपात हे झुडूप आले ते सादृश्याच्या बळावर. भेदाची सूचना मागे राहिली. दुरून पाहता त्याची बारीक, गडद, चकचकीत पाने बॉक्ससारखीच दिसतात. जवळून पाहता बॉक्सची पाने समोरासमोर व अखंड कडांची, तर ह्याची एकाआड एक व दातेरी असतात. बॉक्सला बोंडे धरतात. ह्याच्या मादी झुडपास काळी मण्यांसारखी फळे येतात. दोहोंची कुळेही अगदी भिन्न आहेत आणि म्हणूनच बॉक्सवरील ती बुरशी व तो पतंग ह्याला बाधत नाहीत.

परंतु ज्या भिन्नतेमुळे ते रोगातून सुटते, त्याच भिन्नतेमुळे त्याच्या गरजाही निराळ्या आहेत. बॉक्स चुनखडीच्या जमिनीत सुखाने वाढतो. इंग्लंडच्या सरे परगण्यातील ‘बॉक्स हिल’ ही टेकडी खडूच्या खडकाचीच आहे. आयलेक्स क्रेनाटास किंचित आम्ल, सेंद्रिय द्रव्याने युक्त आणि पाण्याचा उत्तम निचरा होणारी जमीन लागते. चुनखडीत त्याची पाने पिवळी पडतात. पाणी साचणाऱ्या भारी जमिनीत मुळे काळी पडून कुजतात. आणि मुळे फार सुकली तरीही ते तग धरीत नाही. बॉक्स उपटून त्याच चरात हे झुडूप लावणारा माळी बहुधा निराश होतो. लागवडीपूर्वी मातीची परीक्षा, निचऱ्याची सोय, पहिली काही वर्षे नियमित पाणी, मुळांवर पालापाचोळ्याचे आच्छादन आणि मुख्य वाढ झाल्यावर हलकी कातरणी, एवढे पथ्य पाळले तर त्याची कड बॉक्सच्या तोडीची होते. नेदरलँड्समधील हेट लो ह्या राजवाड्याची बाग ह्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. वर उल्लेखिलेल्या विल्यम राजाचीच ही बाग. तिचा सतराव्या शतकातील आराखडा इ. स. १९८४ पर्यंत पुन्हा साकार करण्यात आला. पुढे बॉक्स रोगग्रस्त झाल्यावर तेथील कडा आयलेक्स क्रेनाटाच्या करण्यात आल्या. रेषा सतराव्या शतकातील, झुडूप जपानचे, असा हा संयोग आहे.

५

महाराष्ट्रातील वाचकास हा प्रश्न अगदीच परका नाही. उष्ण प्रदेशात युरोपीय बॉक्सला हवा मानवत नाही. त्याचे काम येथे इतर झुडपांनी केले. त्यांपैकी पांढऱ्या सुवासिक फुलांची कुंती, जिला अन्यत्र कामिनी म्हणतात, तिला इंग्रजीत ‘चायनीज बॉक्स’ असे नाव मिळाले. वस्तुतः ती लिंबाच्या कुळातील, कढीलिंबाची निकटची आप्त. नाव तिला बॉक्सशी जोडते, पण कुळ तिला संत्र्याशी जोडते. आणि संत्रावर्गीय झाडांत ‘ग्रीनिंग’ ह्या घातक रोगाचा प्रसार करणारी सिट्रस सायला ही कीड कुंतीवरही पोसली जाते. म्हणून विदर्भातील संत्र्याच्या बागेशेजारी कुंतीचे कुंपण घालणाऱ्याने तिच्या इंग्रजी नावाकडे न पाहता तिच्या कुळाकडे पाहावे, हे श्रेयस्कर.

ह्या विवेचनातून एक निष्कर्ष निघतो. उद्यानाच्या परंपरेत टिकते ती आकृती. ती धारण करणारी वनस्पती काळानुसार पालटत आली आहे. तेव्हा पर्याय योजणे म्हणजे परंपरेशी द्रोह नव्हे. मात्र पर्यायास केवळ मूळाची प्रतिकृती समजून त्याच्या स्वभावाकडे डोळेझाक केली, तर परंपरा आणि पर्याय दोन्ही हातचे जातात. ह्याखेरीज एकाच निवडक प्रकाराच्या कलमांनी पुन्हा मैलोगणती कडा भरल्या, तर बॉक्सच्या इतिहासापासून काहीच बोध घेतला नाही, असे म्हणावे लागेल. सादृश्यावरून दिलेले नाव ओळखीचा आरंभ करून देते. पुढची ओळख मातीत उतरूनच करून घ्यावी लागते.