रद्द झालेला नकाशा जातो कुठे?

बांधकामाच्या धंद्यात जुना नकाशा फाडून टाकायची पद्धत नव्हती. फोर्टमधल्या एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे मी ड्राफ्टिंगला लागले, तेव्हा हेड ड्राफ्ट्समन काकांनी सगळ्यात आधी शिकवलं ते नकाशा रद्द करायला. ट्रेसिंगवरची शाईची रेघ ब्लेडच्या धारेने हलकेच खरवडायची, कागदाला भोक पडू द्यायचं नाही, जागा रबराने घोटून गुळगुळीत करायची आणि मगच रोट्रिंग पेनने नवी रेघ ओढायची. बदललेल्या भागाभोवती ढगाचा आकार, शेजारी त्रिकोणात रिव्हिजनचा आकडा, टायटल ब्लॉकमध्ये तारीख, कारण, सही. पण ब्लेड हातात घेण्याआधी जुन्या रिव्हिजनची एक अमोनिया प्रिंट काढायची, तिच्यावर आडवा ‘सुपरसीडेड’चा शिक्का मारायचा आणि ती फाइलला लावायची. साइटवर नवी प्रिंट जायची तेव्हा जुनी परत यायची. रजिस्टरात दोन्हींची नोंद, समोर घेणाऱ्याची सही.

यामागे अनुभव होता. दुसऱ्या रिव्हिजनप्रमाणे सळ्या बांधल्या, स्लॅब भरला, आणि तिसरी रिव्हिजन नंतर आली, असं नेहमीच घडतं. काही वर्षांनी बीमला तडा जातो, प्रकरण लवादाकडे जातं, आणि पहिला प्रश्न येतो: काँक्रीट पडलं त्या दिवशी साइटवर कोणता नकाशा होता? त्याचं उत्तर शिक्का मारलेली ती प्रिंटच देऊ शकते. 1842 साली जॉन हर्शेलने सायनोटाइपची प्रक्रिया शोधली, तिच्यातून ब्लूप्रिंट आली, पुढे तिची जागा अमोनियाने घेतली. रसायन बदललं तरी जुनी प्रत जपायची रीत कायम राहिली.

ती मोडली कॉम्प्युटरने. ऑटोकॅड 1982 च्या अखेरीस आलं. आमच्या ऑफिसांत ते रुळायला बराच वेळ लागला. त्यात सेव्ह केलं की नवी फाइल जुनीवर बसायची, मागे उरायची ती एकच बॅकअप फाइल. विंडोज 95 ने रिसायकल बिन दिला खरा, पण सर्व्हरच्या नेटवर्क ड्राइव्हवरून पुसलेली फाइल त्यात जायचीच नाही, आणि ऑफिसची सगळी ड्रॉइंग्ज तर सर्व्हरवरच. डिस्क भरली की कुणीतरी संध्याकाळी बसून ‘जुनं’ साफ करायचं. ना शिक्का, ना रजिस्टर, ना सही. त्या वर्षांत उभ्या राहिलेल्या कितीतरी इमारतींच्या मधल्या रिव्हिजन्स आज कुणाकडेच नसतील, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग नकाशांच्या जागी इमारतीचं मॉडेल आलं. त्यासाठीचं सॉफ्टवेअर रेव्हिट; ते बनवणारी कंपनी 1997 सालची, सॉफ्टवेअर 2000 साली बाजारात आलं, 2002 मध्ये ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कने ती कंपनी 13.3 कोटी डॉलरना विकत घेतली. आता प्लॅन, सेक्शन, सळ्यांचं शेड्यूल सगळं एकाच फाइलमध्ये, आणि त्या फाइलला आर्किटेक्टची, प्लंबिंगची, एसीची मॉडेल्स लिंक केलेली. एक फाइल गेली की दुसऱ्या चार उघडताना लिंक सापडत नाही म्हणतात. रेव्हिट आपल्या बॅकअपना ‘टॉवर.0001.आरव्हीटी’ अशी नावं देतं. त्या साफ करायला ‘टिंब, चार आकडे, टिंब, आरव्हीटी’ असा नमुना शोधून पुसणाऱ्या स्क्रिप्ट लिहिल्या गेल्या. याच नमुन्यात ‘टॉवर.2019.आरव्हीटी’ हे खरं, चालू मॉडेलही बसतं.

फाइली क्लाउडवर गेल्या तशी माणसाऐवजी प्रोग्रॅम पुसायला लागला. याचा धोका जगाने 2005 मध्ये पाहिला होता. गूगलचं वेब ॲक्सिलरेटर पानावरच्या लिंका आधीच उघडून ठेवायचं. काही वेबसाइट्सनी ‘डिलीट’ हीसुद्धा साधी लिंक ठेवली होती, त्यामुळे कुणी बोट न लावता लोकांची माहिती पुसली गेली. वाचण्याची आणि पुसण्याची विनंती वेगवेगळी असली पाहिजे, हा नियम एचटीटीपीत आधीपासून होता. तो मोडल्याची किंमत तेव्हा कळली.

आमच्या मॉडेल्सच्या फाइलीही ऑटोडेस्कच्या क्लाउडवर गेल्या. प्रोग्रॅमने त्या हाताळायच्या तर ऑटोडेस्कचा एपीआय लागतो. त्याचं नाव आधी फोर्ज होतं, 2022 पासून प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस. बीआयएम 360 किंवा कन्स्ट्रक्शन क्लाउड या ऑटोडेस्कच्या क्लाउड सेवांमधली फाइल एपीआयने काढायला मी पहिल्यांदा बसले, तेव्हा डॉक्युमेंटेशन पुन्हा पुन्हा वाचलं. तिथे पुसण्याची विनंती पाठवायचीच नसते. प्रत्येक फाइल म्हणजे आवृत्त्यांची साखळी; तिच्यावर ‘डिलीटेड’ या प्रकारची आणखी एक आवृत्ती चढवायची. फाइल यादीतून नाहीशी होते, आधीच्या आवृत्त्या खाली तशाच राहतात, आणि ॲडमिनला ती परत आणता येते. फोल्डरला तर फक्त ‘लपवलेला’ अशी खूण करायची. काकांचा शिक्का इथे परत आलेला मला दिसला. 2018 च्या आयएसओ 19650 मध्येही कामातली, वाटलेली, प्रसिद्ध केलेली यांच्या जोडीला ‘आर्काइव्ह’ ही माहितीची चौथी अवस्था आहे.

सहीचाही प्रश्न सुटलेला आहे, लक्ष दिलं तर. प्रोग्रॅम स्वतःच्या किल्लीने आत शिरला की नोंदीत ॲपचं नाव येतं, माणसाचं नाही. म्हणून पुण्याच्या आमच्या टीममध्ये काढून टाकायचं काम माणसाने लॉगिन करून घेतलेल्या टोकननेच करायचं, असा दंडक मी घातलाय. स्क्रिप्ट आधी नुसती यादी छापते: फाइलचा ओळखक्रमांक, शेवटची आवृत्ती, कुणी चढवली, कोणत्या मॉडेलला लिंक आहे. नावावर भरवसा ठेवायचा नाही, ओळखक्रमांकच धरायचा. यादी दुसऱ्या माणसाने वाचल्यावरच खरी फेरी. मध्येच नेट तुटलं तर पुन्हा सुरुवातीपासून यादी काढायची, कारण तेवढ्यात कुणी नवी आवृत्ती चढवलेली असू शकते.

खरोखर पुसणारी विनंतीही या एपीआयमध्ये आहे. बकेट म्हणजे आवृत्त्यांच्या साखळीबाहेरची साधी साठवणीची जागा; तिच्यात थेट ठेवलेल्या फाइलवर ती चालवली की फाइल गेली. अल्पकाळच्या बकेटमधलं सगळं तर चोवीस तासांनी आपोआप जातं. तिथे मी फक्त रूपांतरासाठी टाकलेल्या तात्पुरत्या प्रती ठेवू देते. ब्राउझरमध्ये दाखवण्यासाठी मॉडेलपासून तयार झालेली रूपंही बिनदिक्कत पुसते, कारण मूळ मॉडेल जागेवर असेल तर ती पुन्हा तयार करता येतात.