मोटेपासून सौरपंपापर्यंत : ‘बूटस्ट्रॅप’ नावाच्या युक्तीची गोष्ट

बुलढाणा जिल्ह्यातील विहिरींवर एके काळी मोट चाले. बैल धावेवरून उतरत, तेव्हा मोट वर येऊन थारोळ्यात रिती होई. बैल मागे सरत, तेव्हा ती खाली जाऊन पुन्हा भरे. पुढे तेलाची इंजिने आली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि विजेच्या मोटारीने हळूहळू मोट अडगळीत टाकली. मात्र शेतीची वीज आळीपाळीची. पाळी रात्रीची असली की चिखली-मेहकरकडचा शेतकरी विंचूकाट्यातून बारे द्यायला निघे. २०१९ मध्ये आलेल्या पीएम-कुसुम योजनेतील सौरपंपाचे मोल यात आहे : तो दिवसा चालतो.

सौर पॅनेलची वीज एकाच दिशेने वाहते, मोटारीला मात्र आलटूनपालटून वाहणारी थ्री-फेज वीज लागते. हा बदल कंट्रोलरमधील सहा इलेक्ट्रॉनिक स्विच करतात. तीन खालचे, तीन वरचे. खालच्यांचे काम सोपे. त्यांच्या गेटला सुमारे १५ व्होल्ट मिळाले की ते चालू होतात. वरचा स्विच चालू होताच त्याचे खालचे टोक मात्र पॅनेलच्या दाबापर्यंत, समजा ५०० व्होल्टांवर, चढते. गेटला हवेत त्याहून १५ अधिक, म्हणजे ५१५. आणि तेवढा दाब पॅनेलकडे नाहीच!

पूर्वी यासाठी प्रत्येक वरच्या स्विचला ट्रान्सफॉर्मरचे स्वतंत्र वेटोळे देत. उपाय भरवशाचा, पण खर्चिक. मोठ्या यंत्रांत तो आजही दिसतो. १९८०च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमध्ये बी. जयंत बालिगा यांनी आयजीबीटी हा स्विच विकसित केला. त्याच दशकात उच्च दाब सोसणाऱ्या ड्रायव्हर चिप आल्या आणि व्हॉल्व्हच्या काळातील ‘बूटस्ट्रॅप’ ही जुनी युक्ती नव्याने उपयोगी पडली. बुटाचे पट्टे धरून स्वतःलाच वर उचलणे, असा त्या नावाचा गमतीदार अर्थ.

युक्ती थेट मोटेची आहे. खालचा स्विच चालू असताना एक छोटा कपॅसिटर डायोडमधून १५ व्होल्टांनी भरतो. वरचा चालू झाला की कपॅसिटर त्याच्यासह वर चढतो आणि गेटला हवा तो दाब देतो. डायोड उलटा प्रवाह अडवतो; त्याला पॅनेलचा पूर्ण दाब सोसावा लागतो आणि झटकन बंदही व्हावे लागते. गेटला १०० नॅनोकूलंब प्रभार लागत असेल आणि दाबात ०.१ व्होल्टाचीच घट चालणार असेल, तर कपॅसिटर निदान १ मायक्रोफॅरडचा हवा. तो अपुरा पडला तर स्विच अर्धवट चालू राहून तापतो, जळतो. म्हणून दाब घसरताच चिप त्याला बंद करते.

मोट कायम वर राहू शकत नाही, तसा वरचा स्विचही सतत चालू ठेवता येत नाही. पहाटे, सारे कपॅसिटर रिते असताना, अशा कंट्रोलरला आधी खालचे तिन्ही स्विच क्षणभर चालू करावे लागतात; त्यानंतरच मोटार फिरते.