सलाईनची बाटली: पटकीपासून सेप्टिक शॉकपर्यंत

१/७ नाशिकच्या कोणत्याही अतिदक्षता विभागात रुग्णाच्या उशाशी सलाईनची बाटली टांगलेली दिसते. तिच्यात नेमका कोणता द्रव असावा, हा वाद जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे. आजचा थ्रेड त्या वादाचा.

२/७ आरंभ पटकीपासून. एकोणिसाव्या शतकात मोठ्या यात्रांमागोमाग पटकीची साथ येई. नाशिक-त्र्यंबकसारख्या तीर्थक्षेत्रांना हे भय परिचित होते. गावोगावची मरीआईची ठाणी आजही त्याची साक्ष देतात.

३/७ पटकीत रक्तातील पाणी व क्षार घटतात, हे विल्यम ओशॉनेसी यांनी दाखवले. (भारतात तारायंत्राचा पाया घालणारे ते हेच!) १८३२ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ येथे थॉमस लट्टा यांनी एका वृद्धेच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडले. ती सावरली, परंतु काही तासांतच पुन्हा खालावून दगावली.

४/७ बहुधा मरणासन्न रुग्णांवरच वापरला गेल्याने हा उपाय मागे पडला. विसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी तीव्र क्षारद्रव देऊन पटकीचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. पुढे अलेक्सिस हार्टमन यांनी सिडनी रिंगर यांच्या द्रवात लॅक्टेट मिसळले. तेच आजचे ‘आरएल’.

५/७ सेप्टिक शॉकचे कोडे निराळे. जंतुसंसर्गाने रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांतून पाणी ऊतींत झिरपते आणि रक्तदाब कोसळतो. मग पिष्टाचा दाट द्रव वाहिन्यांतच टिकेल, असा तर्क झाला. २०१२ मध्ये स्कँडिनेव्हियात तीव्र सेप्सिसच्या ७९८ रुग्णांवर तो पारखला गेला. ९० दिवसांत पिष्टद्रवाच्या गटात ५१ टक्के रुग्ण दगावले. रिंगर अॅसिटेटच्या गटात ४३ टक्के.

६/७ उरला वाद साध्या सलाईनचा. त्यात क्लोराइड रक्ताहून बरेच अधिक असते; ‘आरएल’सारख्या संतुलित द्रवांत कमी. मात्र ब्राझीलमधील (२०२१) आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील (२०२२) मोठ्या चाचण्यांत, अतिदक्षता विभागातील हजारो रुग्णांत, मृत्युदरात ठळक फरक आढळला नाही.

७/७ डोळ्यांदेखतच्या मृत्यूंनी लट्टांचा योग्य उपाय झाकोळला; सुसंगत तर्काने घातक द्रवाला प्रतिष्ठा दिली. निवाडा झाला तो चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट पाडल्यावर आणि मृत्यू प्रामाणिकपणे मोजल्यावर. उशाशी टांगलेल्या त्या बाटलीत हा इतिहासही आहे.