वारणाकाठचे पहिले जाळे

सह्याद्रीतून उतरून कृष्णेला मिळणाऱ्या वारणेच्या काठी, तात्यासाहेब कोरे यांनी सहकाराच्या बळावर वसविलेल्या साखर कारखान्याच्या परिसरात, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणकाने जोडण्याचा संकल्प १९९८ साली सोडला गेला, ही घटना महाराष्ट्राने विसरावी इतकी सामान्य खचितच नाही. खर्चाचा निम्मा भार केंद्र सरकारने, चार दशांश राज्य सरकारने आणि उरलेला एक दशांश वारणेच्या सहकारी संस्थांनी उचलला. बाजारभाव, पिकांविषयी सल्ला, सरकारी योजनांची माहिती असे पुष्कळ काही गावोगावच्या केंद्रांतून मिळावे, अशी योजनाकर्त्यांची उमेद होती. परंतु शेतकरी त्या केंद्राची पायरी चढे तो मुख्यतः उसासाठी: नोंद झाली की नाही, तोडणीची पाळी केव्हा, काट्यावर वजन किती भरले, खत किती मिळणार, बिलातून कपात किती. पाळी हुकल्यामुळे शिवारात वाळत उभा राहिलेला ऊस ज्याने पाहिला आहे, त्याला या प्रश्नांचे मोल निराळे सांगावयास नको. आणि ज्या उत्तरांसाठी एरवी कारखान्याच्या कचेरीत हेलपाटे घालावे लागत, ती गावातच मिळू लागली, हेच माझ्या मते त्या योजनेचे खरे यश होय.

पुढे मात्र विजेचा लपंडाव आणि जुन्या होत गेलेल्या यंत्रांच्या दुरुस्तीचा खर्च यांनी केंद्रचालक जेरीस आले. तेव्हा २००६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरील लघुसंदेशाने उसाची तीच माहिती पुरवून पाहिली, व तिने काम भागले.

दरम्यान २००२ साली दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून सार्वत्रिक सेवा दायित्व निधी उभा राहिला, आणि ऑक्टोबर २०११ मध्ये त्याच निधीतून देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्यास मंजुरी मिळाली. तीच योजना पुढे भारतनेट म्हणून ओळखली गेली. २०१७ अखेर एक लाख पंचायतींचा पहिला टप्पा पुरा झाला खरा. परंतु रस्ता खणताना तुटलेली तार जोडणार कोण, आणि पंचायतीच्या कचेरीतले यंत्र बंद पडल्यास दाद मागावी कोणाकडे, या प्रश्नांपाशी पुष्कळ गावे अडली. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित योजनेत दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च अंतर्भूत आहे. ही तरतूद पहिल्याच ताळेबंदात असावयास हवी होती. तिची निकड वारणेच्या अनुभवाने कितीतरी आधी सिद्ध केली होती.