पुठ्ठ्यावरचीं माणसें



आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं माळ्यावरच्या ट्रंकेंत, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्याखालीं, जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेली एखादी तपकिरी तसबीर पडलेली असेल. पगडी घालून खुर्चींत बसलेले गृहस्थ, किंवा तिवईवर हात टेकून उभी राहिलेली नऊवारींतली बाई. हें कोण, असें विचारलें म्हणजे घरांतलें वडील माणूस मोठ्या खात्रीनें एक नांव सांगतें. तें नांव पडताळून पाहतां येतें काय, एवढाच आजचा विषय आहे. मी इतिहासाचा पंडित नव्हें. मॅट्रिक होऊन शाळामास्तरकी केली, आणि सेवानिवृत्त झाल्यावर बुधवारीं व रविवारीं मंगळवार पेठेंतल्या जुन्या बाजारांत हिंडण्याची संवय जडली. तींतून अशा कांहीं तसबिरी घरीं जमल्या.

या तसबिरींचा जन्म पॅरिसचा. तेथील दिस्देरी नांवाच्या छायाचित्रकारानें १८५४ सालीं एक पेटंट घेतलें. एकाच कांचेवर आठ लहान छब्या घ्यावयाच्या, एका कागदावर छापून कातरावयाच्या आणि सुमारें अडीच इंच रुंद व चार इंच उंच पुठ्ठ्यावर डकवावयाच्या. भेटीस जातांना द्यावयाच्या पत्रिकेएवढा आकार, म्हणून नांव पडलें 'कार्त द व्हिझित'. तसबीर एकदम स्वस्त झाली. १८६० सालीं लंडनच्या मेयॉल यानें व्हिक्टोरिया राणी व तिचा परिवार यांच्या छब्या विक्रीस आणल्या, आणि त्या जमवून अल्बमांत घालण्याचें वेड तिकडे घरोघर पसरलें. १८६६ पासून तिची थोरली बहीण आली, सव्वाचार इंच रुंद व साडेसहा इंच उंच. तिला कॅबिनेट कार्ड म्हणतात. घरांत सांपडलेली तसबीर प्रथम फूटपट्टीनें मोजावी, ती याकरितां.

आपल्या इलाख्यांत ही विद्या फार उशिरां आली असें समजूं नये. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालींच निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते, आणि त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः छायाचित्रें घेत. १८५५ सालीं एल्फिन्स्टन संस्थेंत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्यांत तयार झालेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनीं पुढें मुंबईंत स्वतःचा धंदा थाटला. १८६३ सालीं बोरघाटांतला लोहमार्ग पुरा झाल्यावर पुणेकरांस मुंबईस जाऊन तसबीर काढविणें सोपें झालें. तेव्हां पाठीवर मुंबईचा पत्ता आहे, एवढ्यावरून आपले पूर्वज मुंबईस राहत होते असा निष्कर्ष काढूं नये.

आतां तसबीर उलटी करा. मोडी कागद वाचणारे मजकुराइतकेच कागद आणि शिक्का पाहतात; येथेंही खरा पुरावा पुष्कळदां पाठीवर असतो. १८६० च्या सुमाराचा पुठ्ठा पातळ, त्याचे कोपरे काटकोनी, पाठीवर छायाचित्रकाराचें नांव व पत्ता दोन ओळींत. पुढच्या दशकांत कोपरे गोलावतात. १८८० नंतर पुठ्ठा जाड होतो, गर्द हिरवा, तांबूस किंवा काळा होतो, कडा तिरप्या कापून त्यांना सोनेरी मुलामा देतात, आणि पाठ वेलबुट्टीनें व पदकांच्या चित्रांनीं भरून जाते. पदकावर साल असेल तर तें सोन्याहून मोलाचें, कारण तसबीर त्या सालाच्या आधींची असूं शकत नाहीं. नंतरची मात्र असूं शकते. आणि जुन्या छबीवरून नवी प्रत काढून ती नव्या पुठ्ठ्यावर लावण्याचीही चाल होती. तेवढें ध्यानांत ठेवावें.

कागदही बोलतो. बहुतेक जुन्या छब्या अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या पातळ कागदावर छापल्या आहेत. त्यांवर मंद चकाकी असते आणि त्या पिवळ्या पडतात. सोंवळ्यांतल्या आपल्या पणजोबांची मूर्ति अंड्याच्या बलकावर उमटली आहे, हें त्यांना कोणीं सांगितलें असेलसें वाटत नाहीं! १८९० नंतर जिलेटिनचा कागद रूढ होत गेला. त्यावर काळोख्या भागांत तिरपें धरलें असतां रुपेरी निळसर झांक दिसते.

लिहिलेल्या नांवांवरही सर्वस्वी विसंबूं नये. डॉ. आनंदीबाई जोशी यांची १० ऑक्टोबर १८८५ ची फिलाडेल्फियांतील तसबीर प्रसिद्ध आहे. बरोबर जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली बसलेल्या आहेत. खालीं आनंदीबाईंच्या नांवापुढें ना कल्याण, ना पुणें. बंगालमधील सेरामपूरचें नांव आहे. १८८३ सालीं त्या निघाल्या तेव्हां गोपाळरावांची पोस्टांतली नोकरी तेथें होती म्हणून. ही हकीकत ठाऊक नसलेला मनुष्य त्यांना बंगाली ठरवून मोकळा झाला असता.

आतां घरचीच गोष्ट सांगतों. आमच्याकडे एका तरुण बाईची कॅबिनेट तसबीर आहे. ती माझ्या पणजीची, बाळंतपणांत १८८६ सालीं सवाष्ण गेली तिची, असें सगळे मानीत. दर भाद्रपदांत अविधवा नवमीला आई ती पाटावर ठेवून हळदकुंकू वाहते. निवृत्तीनंतर मीं ती प्रथमच चौकटींतून काढली. गर्द हिरवा जाड पुठ्ठा, सोनेरी तिरप्या कडा, पाठीवर पदकें आणि त्यांतल्या एकावर १८९३ हा आंकडा. प्रत असेल म्हणून भिंगानें पाहिलें. लुगड्याच्या कांठाची वीण धागा धागा दिसत होती, जुन्या कागदाची खूण कोठेंही नव्हती. मग घरची टिपणवही काढली. तींत पणजोबांच्या नांवाखालीं 'द्वितीय संबंध, शके १८१२' एवढेच शब्द. मुलीचें नांव नाहीं. पणजोबा शके १८१९ मध्यें, म्हणजे १८९७ च्या प्लेगांत वारले. वडिलांनीं लहानपणीं एक केशवपन केलेली म्हातारी मागच्या सोप्यांत पाहिली होती. माझ्या आजोबांना तिनेंच वाढविलें, आणि घरांत तिला नुसतें 'सोंवळ्या बाई' म्हणत. तसबिरींतली बाई तीच असावी, असें मला वाटतें.

आपल्या तसबिरी सांभाळावयाच्या असतील तर छबी पुठ्ठ्यापासून सोडवूं नका. विकणारे कधीं कधीं सोडवितात, आणि साक्ष फाडून टाकतात. प्लास्टिकांत चिकटबंद करूं नका. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवूं नका. पाठीवर शाईनें लिहूं नका, मऊ शिसपेनीनें कोपऱ्यांत लिहा. आणि घरांतलीं ऐंशी वर्षांचीं माणसें आहेत तोंवर त्यांच्याजवळ बसून लिहा.

मीं आईला सगळें सांगितलें, आणि नवमीला आतां ही तसबीर मांडावी कीं नाहीं असें विचारलें. आई नव्वदीच्या घरांत आहे. तिनें भिंग मागून घेतलें, बराच वेळ पाहिलें, आणि म्हणाली, "तसबीर काढली तेव्हां कपाळावर कुंकू होतें ना? मग असूं दे." यंदाही तिनेंच पाट मांडला. मीं पाठीवर शिसपेनीनें पणजोबांचें नांव आणि शके १८१२ लिहिलें आहे; बाईच्या नांवासाठीं जागा ठेविली आहे.