कराची–मुंबई : हवाई अंतर आणि प्रवासकाल

दोन विमानतळांमधील अंतर भूगोल ठरवितो. त्या प्रवासास लागणारा काळ मात्र यंत्र, ऋतू आणि राज्यसत्ता या तिन्हींच्या अधीन असतो. कराची व मुंबई यांच्या हवाई दळणवळणाचा इतिहास या विधानाचा उत्तम दाखला होय. या दोन शहरांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ८७५ किलोमीटर आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून जुहूपर्यंत टपालाचे पहिले विमान आणले. लंडनहून कराचीस येणारे हवाई टपाल पुढे मुंबई व मद्रास येथे पोहोचविणे हा या सेवेचा हेतू होता. 'पस मॉथ' हे एका इंजिनाचे लहान विमान हे अंतर एका दमात तोडू शकत नसे. त्यामुळे इंधनासाठी अहमदाबादेस उतरणे प्राप्त झाले. तेथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले गेले. या वळणामुळे मार्ग सुमारे १,०३५ किलोमीटरांचा झाला. सकाळी साडेसहानंतर निघालेले विमान दुपारी दोनच्या आत जुहूस उतरले. एकूण काळ सुमारे सात तास लागला.

ऋतूचे बंधनही तितकेच कठोर होते. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई आणि तेवढ्या काळापुरता मुंबईचा तळ पुण्यास हलवावा लागे. म्हणजे मार्गाचे एक टोकच दरवर्षी काही महिने स्थलांतर करीत असे.

पुढे जेट विमानांनी थेट उड्डाणाचा काळ दीड तासाच्या आसपास आणला आणि इंधन व पाऊस या अडचणी बहुतांशी दूर केल्या. तथापि याच काळात तिसरे बंधन बळावले. १९३२ साली ही दोन्ही शहरे एकाच मुंबई इलाख्यात होती. १९३६ मध्ये सिंध वेगळा प्रांत झाला आणि १९४७ मध्ये दोहोंमध्ये आंतरराष्ट्रीय सीमा आली. १९७१ मध्ये खंडित झालेली उभय देशांची विमानवाहतूक १९७६ मध्ये पुन्हा सुरू झाली. २००२ व २००३ ही दोन वर्षे ती पुन्हा बंद राहिली. एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही राष्ट्रांनी परस्परांच्या विमानांस आपले आकाश बंद केले. अशा वेळी प्रवाशास दुबईमार्गे जावे लागल्यास त्याचा मार्ग सुमारे ३,१०० किलोमीटरांचा, म्हणजे सरळ अंतराच्या साडेतीनपट होतो. तेथील थांबा धरता, १९३२ च्या त्या लहान विमानाला लागलेले सात तासही त्याला कदाचित अपुरे पडावेत.

प्रवासकाल सतत घटत जातो, ही दळणवळणाच्या इतिहासातील रूढ समजूत म्हणूनच तपासून घेतली पाहिजे. फाळणीपूर्वी कराचीत मराठी कुटुंबांची वस्ती होती. अशा कुटुंबांच्या दृष्टीने या दोन शहरांमधील अंतर किती, या प्रश्नाचे उत्तर नकाशावरील ८७५ किलोमीटरांच्या रेषेवरून मिळणारे नाही.